डावी बाही

महिन्यातून एका बुधवारी माझी दाढ दुखते.
ऑफिसात तसं कळवून
मी मंगळवार पेठेत गाडी लावते,
बोल्ट, नळाच्या तोट्या, काटे नसलेली घड्याळं,
एका पायाचे मिलिटरी बूट ओलांडत
जुन्या बाजाराच्या टोकाला
कमरूबीच्या ताडपत्रीपाशी पोचते.
ती मला मॅडम म्हणायचं सोडून वर्षं झाली.
"आली का दाढवाली," म्हणते,
आणि पाय आखडून जागा करते.

ढिगात हात घालायचा तो डोळे मिटून.
डोळे रंगाला भुलतात.
टेरिकॉट बोटांना लगेच कळतं, ओळख नसताना हसणाऱ्या माणसासारखं.
खरी लोकर थोडी चावते.
आई परकर शिवायची, चार रुपयाला एक,
तिनं एवढंच शिकवलं, कपडा आतून वाचायचा.
हा ब्लाऊज बघा, जांभळी खण,
कुशीत सुईच्या तीन रांगा:
एकदा सोडलाय, पुन्हा सोडलाय,
मग एकदम खूप आत घेतलाय.
मी तो परत ठेवते. हलक्या हातानं.

कोट अगदी तळाशी होता.
शेवाळी कॉर्डरॉय, कोपरांना चामडं,
अस्तरावर लाल दोऱ्यानं धोब्याची खूण,
दोन टिंबं, एक फुली.
"तीनशे."
"शंभर."
"साहेबाचा कोट आहे गं."
"साहेब कुठाय?"
"साहेब असता तर विकला असता का?"
एकशे साठला तुटलं.
वर तिनं न मागता तीन बटणं दिली,
तिन्ही वेगळी.

कोरेगाव पार्कात हाच कोट
लाकडी हँगरवर, पिवळ्या दिव्याखाली,
चार हजाराला असतो
आणि त्याला कुणी हात लावला
की एक मुलगी हळूच जवळ येऊन उभी राहते.

मावशीनं नाक मुरडलं.
"कुणा मेलेल्याचं अंगावर घालतेस?"
"मावशी, तुझ्या पाटल्या कुणाच्या गं?"
ती चहा ठेवायला आत गेली.
साखर नेहमीपेक्षा कमी पडली त्या दिवशी.

दोनदा धुतला, गॅलरीत उन्हाला टाकला,
डांबरगोळ्यांचा वास तरी खिशात राहिलाच,
आणि शेंगदाण्याचं एक फोलपट.
घालून आरशासमोर उभी राहिले
तर डावी बाही दोन बोटं आखूड.
फसले, म्हटलं. एकशे साठ पाण्यात.

नाना पेठेत एजाज मास्तरांनी
बाही उलटी केली, चष्मा कपाळावर चढवला,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"कापड आत राखलंय. दहा मिनिटांचं काम, सोडून देतो."
कात्री उचलली, परत ठेवली.
"पण बिघडलेली नाही ही. मापानं घेतलीय.
रेशमाचा दोरा आहे, हातशिलाई.
त्या माणसाचा हातच तेवढा असणार.
दोन्ही मनगटं सारखी दिसावीत
म्हणून कुणीतरी बसून केलंय हे."
मग मला विचारलं, "उसवू?"

दुकानात शिलाई मशीन चालू होतं,
मुलगा उशांचे अभ्रे शिवत होता, एकामागून एक.
मी म्हटलं, राहू द्या.
मास्तरांनी पैसे घेतले नाहीत.
फक्त एक सुटलेलं टोक दातांनी तोडलं.

डिसेंबरात सकाळी संगम पुलावरून जाताना
वारं नेमकं तिथून आत शिरतं,
घड्याळाच्या पट्ट्याच्या वर, कोपरापर्यंत.
ऋजुता म्हणते, नीट करून घे की,
एवढा झकास कोट, आणि हे काय वेडंविद्रं.
घेईन, म्हणते मी.

सिग्नलला थांबले की
डावा हात आपोआप थोडा मागे घेते,
बाहीच्या मापात बसेल इतका.